शाखांचे संगणकजाल व त्याचे विभाजन

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि रुग्णनोंदणीसह अनेक कामे कित्येक दिवस कागदावर चालली. पुढे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेले कारण आम्हास विशेष मननीय वाटते : जालाचे योग्य विभाजन झालेले नव्हते.

आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत तरी निराळे काय आहे? बिलाचा संगणक, रुग्णांच्या नोंदी, सीसीटीव्ही आणि प्रतीक्षाकक्षातील वाय-फाय हे सारे बहुधा एकाच राउटरवर असते. एकात शिरलेला उपद्रव मग सर्वत्र संचार करतो. योग्य प्रकारच्या स्विचवर 'व्हीलॅन' आखल्यास त्याच तारांवर स्वतंत्र जाले नांदू शकतात. मात्र त्यांच्यामध्ये फायरवॉल ठेवून आवश्यक तेवढीच वाट उघडावी, अन्यथा ही विभागणी नावापुरतीच राहते.

शाखा व्हीपीएनने जोडली की निश्चिंत झालो, हा समज आम्हास घातक वाटतो. व्हीपीएन वाटेवरील माहिती झाकतो. शाखेतील बाधित संगणकास तो अडवीत नाही. म्हणून शाखेस साठा व बिलाच्या सर्व्हरपलीकडे प्रवेश नसावा. दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरवाल्यास दिलेला कायमचा पासवर्ड (तो बहुधा दुकानाचेच नाव असतो!) आजच बदलावा, आणि बॅकअपची एक प्रत तार काढून कपाटात ठेवावी.