गाण्याशेजारची चिठ्ठी

नरकचतुर्दशीची पहाट. उटण्याची वाटी अजून भिजतेय, तोवर कुणीतरी फोन स्पीकरला जोडतं आणि संग्रहातली गाणी 'शफल'वर सोडून देतं. पहिलं लागतं पन्नाशीच्या दशकातलं एक भावगीत. बंबाच्या आवाजात ते नीट ऐकू येत नाही, म्हणून आवाज चार घरं वाढवला जातो. तीन मिनिटांनी भावगीत संपतं, २००५ नंतरचं कुठलंसं चित्रपटगीत सुरू होतं आणि शेजारच्या बिऱ्हाडातलं तान्हं बाळ दचकून उठतं. मग तेलकट हातांनी फोनकडे धाव.

दोन्ही गाणी सीडीवरूनच संगणकात उतरवलेली. प्रोग्रॅम एक, दिवसही बहुधा एकच. तरी एक कुजबुजतं आणि दुसरं अंगावर येतं. उतरवताना काही चुकलं, असा संशय हमखास येतो. चुकलेलं काहीच नसतं. सीडीवर जे होतं तेच फाईलमध्ये आलेलं असतं, आणि गोम नेमकी तिथेच आहे.

सीडीवरचा आवाज १६ बिटांत नोंदवलेला असतो, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीपासून सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत ६५,५३६ पायऱ्या. वरच्या पायरीपलीकडे छत. आवाज छताला टेकला की लाटेचा माथा कापला जातो आणि आपल्याला तो 'फुटल्यासारखा' ऐकू येतो. गाणी उतरवण्याच्या जुन्या प्रोग्रॅमांत 'नॉर्मलाइझ' नावाची एक चौकट असायची. तिच्यावर खूण केली की प्रोग्रॅम गाण्यातला सर्वांत उंच क्षण शोधायचा आणि तो छताला लागेपर्यंत अख्खं गाणं वर उचलायचा. ऐकायला हे रास्त वाटतं. उपयोग मात्र जवळजवळ शून्य. पाऊण तासाच्या ख्यालात तबल्याची एकच जोरकस थाप छताला लागलेली असेल, तर ती फाईल या हिशेबाने आधीच 'पूर्ण' भरलेली. उडत्या चालीच्या गाण्यात प्रत्येक ठोका छताला लागतो, तेही 'पूर्ण'च. दोन्हींची शिखरं सारखी, पण कानाला शिखराशी कर्तव्य नसतं. तो काही काळाची सरासरी धरतो, आणि त्यातही सगळ्या स्वरांना सारखा भाव देत नाही. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३मध्येच मोजून दाखवलं होतं की तेवढ्याच ताकदीचा खर्ज आपल्याला मधल्या पट्टीतल्या आवाजापेक्षा बराच हळू भासतो.

ही सरासरी मुद्दाम वाढवण्याची चढाओढ पाश्चात्त्य रेकॉर्ड कंपन्यांत नव्वदच्या दशकात ऐन भरात आली. रेडिओवर किंवा दुकानात आपलं गाणं शेजारच्यापेक्षा जोरात वाजलं पाहिजे, एवढंच गणित. छत तर हलत नाही. मग हळू भाग वर ओढायचे आणि माथे ठेचायचे. २००८ साली मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा हे प्रकरण चव्हाट्यावर आलं. तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्येही होती आणि तिथे ती कमी ठेचलेली, मोकळी वाजत होती. चाहत्यांनी दोन्ही लहरींची चित्रं शेजारी ठेवली: एक डोंगररांग, दुसरी वीट. सीडी पुन्हा मास्टर करा म्हणून अर्ज फिरले. आपल्याकडे आलेलं मिश्रणच ठेचलेलं होतं, असं मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनी सांगितलं. त्याच वर्षी गन्स एन' रोझेसच्या 'चायनीज डेमॉक्रसी'साठी बॉब लुडविग यांनी निरनिराळ्या जोराच्या प्रती करून दिल्या, तेव्हा निवड झाली ती सर्वांत मोकळ्या प्रतीची.

घरच्या संग्रहाला या भांडणात काही करता येत नाही. ठेचलेलं गाणं ठेचलेलंच राहणार. निदान दोन गाण्यांमधली उडी तरी कमी करता यावी, यासाठी २००१मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी 'रिप्लेगेन' नावाची पद्धत मांडली. तिची खरी हुशारी मोजमापापेक्षा एका साध्या निर्णयात आहे: गाण्याला हातच लावायचा नाही. प्रोग्रॅम गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो, ते किती जोरात आहे हे ठरवतो आणि फाईलच्या टॅगमध्ये, जिथे गायकाचं आणि अल्बमचं नाव असतं तिथेच, एक आकडा लिहून ठेवतो. उणे ९.२ डेसिबल, किंवा अधिक ३.५. ही गाण्याशेजारी ठेवलेली चिठ्ठी. प्लेयर ती वाचून वाजवताना तेवढा आवाज कमी-जास्त करतो. नको असेल तर चिठ्ठी फाडायची. गाणं होतं तसंच आहे.

मोजायचं कसं? रॉबिन्सन यांनी गाण्याचे ५० मिलिसेकंदांचे तुकडे केले, त्यांवर कानाच्या स्वभावाची चाळणी लावली, सगळे तुकडे जोराच्या क्रमाने मांडले आणि वरून पाच टक्क्यांवर येणारा तुकडा प्रमाण धरला. पाया सिनेमागृहातल्या ८३ डेसिबलच्या प्रमाणाचा होता. लोकांना तो फार हळू वाटला, म्हणून पुढे ८९ रूढ झाला. नंतर प्रसारणाच्या जगाने स्वतःचं माप तयार केलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं बीएस.१७७० हे प्रमाण २००६ सालचं, आणि त्यावर उभा असलेला युरोपीय प्रसारकांचा आर-१२८ हा नियम २०१०चा. त्यांचं एकक एलयूएफएस. या मापाची पुढे आलेली खुबी अशी की शांतता आणि फार हळू भाग ते हिशेबातून वगळतं, नाहीतर लांब विरामांच्या गाण्याची सरासरी उगाच खाली यायची. आजचे बरेचसे प्रोग्रॅम याच मापाने मोजतात आणि उणे १८ एलयूएफएस ही पातळी धरतात.

इथवर यंत्राचं काम. पुढचा प्रश्न सेटिंगमध्ये विचारला जातो आणि बहुतेक लोक न वाचता पुढे जातात: 'ट्रॅक' की 'अल्बम'? ट्रॅक म्हणजे प्रत्येक गाणं स्वतंत्र मोजून एका पातळीवर आणायचं. अल्बम म्हणजे अख्ख्या सीडीला एकच आकडा.

ख्यालाच्या सीडीवर हा फरक लख्ख दिसतो. समजा, पहिला ट्रॅक ३५ मिनिटांचा विलंबित, दुसरा १० मिनिटांची द्रुत बंदिश. विलंबित उणे २२वर भरतो, द्रुत उणे १७वर. ट्रॅक पद्धतीने पहिला ४ डेसिबल वर जाईल, दुसरा १ डेसिबल खाली येईल. गायकाने पाऊण तास जपून बांधलेला ५ डेसिबलचा चढ पुसला गेला. तंबोऱ्याच्या जव्हारीतून हळूच उगवणारा पहिला षड्ज आता तानांच्या तोडीस तोड वाजतो, आणि विलंबित संपून द्रुत लागताना, जिथे मैफलीत अंगावर काटा यायचा, तिथे आवाज उलट बसल्यासारखा वाटतो. अल्बम पद्धतीत दोन्ही ट्रॅक सारखेच, साधारण २.३ डेसिबलने उचलले जातात आणि चढ जागच्या जागी राहतो. 'गीतरामायणा'ची ५६ गीतं अनेक सीडींवर असतील तर तो सगळा संच मिळून एकच अल्बम म्हणून मोजावा. रामजन्म आणि युद्ध एका पातळीवर आणण्यात काय हशील?

शफलवर मात्र ट्रॅक पद्धतच बरी. वेगवेगळ्या काळातली गाणी गोळा करून काढलेल्या 'सदाबहार' छापाच्या सीडीलाही तीच लागू, कारण तिला अल्बम म्हणणं नावापुरतंच. चिठ्ठीत दोन्ही आकडे मावतात, त्यामुळे मोजताना दोन्ही मोजून घ्यावेत आणि निवड प्लेयरवर सोडावी. काही प्लेयर शफल चालू असेल तर ट्रॅक, नाहीतर अल्बम, असं आपलं आपण ठरवतात.

एक घरगुती अडचण इथे उपटते. प्रोग्रॅम अल्बम ओळखतो तो टॅगमधल्या नावावरून. मराठी घरात 'भक्तिगीते' नावाच्या चार सीडी असणं काही अशक्य नाही. त्या एका झटक्यात मोजायला दिल्या की चार गायकांचा मिळून एक अल्बम होतो आणि आकडा कुणाचाच बरोबर येत नाही. आधी अल्बम-कलाकाराचं नाव भरावं, मग मोजणी.

'प्रीअँप' नावाची कळ दोन जागी असते: चिठ्ठी असलेल्या फाइलींसाठी एक, नसलेल्यांसाठी दुसरी. पहिली शून्यावर ठेवावी. दुसरी उणे ६ ते उणे ८वर आणली, तर न मोजलेलं नवं गाणं मध्येच घुसलं तरी किंचाळत नाही. मोजणीनंतर सगळंच हळू वाजतं ही तक्रार ठरलेली. त्यावर उपाय स्पीकरचा आवाज वाढवणे, प्रीअँप नव्हे. आणि 'क्लिपिंग'पासून बचावाची चौकट चालूच ठेवावी. हळू गाणं उचलताना ती एखादी थाप छताला लागणार असेल, तर प्लेयर आकडा तेवढा कापून घेतो.

गाडीतली गोष्ट वेगळी. पेनड्राइव्हवरून वाजणाऱ्या कितीतरी कार स्टिरिओंना ही चिठ्ठी वाचताच येत नाही. तिथे एमपी३गेन हा जुना प्रोग्रॅम कामी येतो. एमपी३ फाईल साधारण २६ मिलिसेकंदांच्या फ्रेमांची बनलेली असते आणि त्यांच्यात आवाजाच्या एकूण पातळीचा एक आकडा असतो. एमपी३गेन तेवढाच बदलतो. एका घराने १.५ डेसिबल, त्याहून बारीक फरक जमत नाही. फाईल पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणून दर्जा घसरत नाही, आणि केलेला बदल टॅगमध्ये नोंदलेला असल्यामुळे मागेही घेता येतो. तरी प्रयोग पेनड्राइव्हवरच्या प्रतीवर करावा, मूळ संग्रहावर नको.

जुन्या ध्वनिमुद्रिकांपाशी हे गणित थोडं लंगडतं. गोहरजानच्या १९०२मधल्या मुद्रणापासून पुढची कित्येक दशकं भारतीय संगीत साधारण तीन मिनिटांच्या तबकड्यांवर साठत गेलं, आणि ते सगळं मोनो. जागा वाचवायला अशी गाणी एकाच चॅनेलची फाईल करून ठेवली, तर बीएस.१७७०च्या हिशेबात ती ३ डेसिबलने कमी भरतात. ऐकताना आवाज दोन्ही स्पीकरांतून येतो. मोजणाऱ्याने एकच धरलेला असतो. प्रोग्रॅमने ही तफावत भरून काढली नाही, तर गाणं ३ डेसिबल जास्त उचललं जातं आणि त्याच्याबरोबर सुईची खरखरही वर येते. म्हणून काही संग्राहक तबकड्यांच्या फोल्डरला मोजणी लावतच नाहीत. ती गाणी लागली की उठायचं आणि आवाजाची कळ हाताने फिरवायची.