कागदावरचा कुत्रा, अंगणातला कुत्रा

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात धनेगावहून कचारगडाचा डोंगर चढायला लागतात. दरेकसा हे जवळचं रेल्वे स्टेशन. माघ पौर्णिमेला इथल्या प्रचंड गुहेपाशी गोंड समाजाची जत्रा भरते आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही माणसं आपल्या आदिगुरू पारी कोपार लिंगोच्या दर्शनाला येतात. एरवीच्या दिवशी पायथ्याच्या वस्तीत नव्या माणसाची पहिली दखल घेतात ती कुत्री. मध्यम बांधा, खोल छाती, आत ओढलेलं पोट, अंगाला घट्ट बसलेले आखूड केस. त्यांच्यापैकी एकाचाही बाप कोण, हे कुठे लिहिलेलं नाही. पण गुरं राखणाऱ्याला विचारा. जंगलात बिबट्याची चाहूल लागली की कुठली कुत्री त्याच्या पायांत शिरते आणि कुठली पुढे होऊन भुंकते, हे त्याला नेमकं ठाऊक असतं. तिच्या आईची सवयही तो सांगतो. त्यामागचं त्याला आठवत नाही.

पुण्या-नागपुरात पिल्लू घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "पेपर आहेत का?" पेपर, म्हणजे वंशावळीचा दाखला, असले की भाव वाढतो आणि बहुतेकांची चौकशी तिथेच संपते. गुराख्याकडे कुत्रा आहे, कागद नाही. शहरातल्या गिऱ्हाइकाकडे कागद आहे, पण कुत्रा पाहायची नजर नाही. पैदाशीला दोन्ही लागतात, आणि महाराष्ट्रात ही दोन्ही ज्ञानं एका घरात क्वचितच नांदतात, हे मला फार खटकतं.

आधी कागद. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रमाणपत्रावर तीन पिढ्या असतात: आईबाप दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ. एकूण 14 नावं. लोक नावांपुढचं 'चॅम्पियन' वाचतात आणि कागद घडी घालून ठेवतात. खरं तर आधी पाहावं ते हे की एखादं नाव दोनदा आलं आहे का. समजा एकच नर बापाचाही बाप आहे आणि आईचाही बाप आहे. मग आईबाप सावत्र भावंडं झाली आणि पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक 12.5 टक्के झाला. सख्ख्या भावाबहिणीचा किंवा बापलेकीचा संयोग केला तर तो 25 टक्क्यांवर जातो. हे गणित सीवॉल राइट या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने 1922 मध्ये मांडलं. त्याचा साधा अर्थ असा, की एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची ती शक्यता आहे. पूर्वज चांगला असेल तर त्याचे गुण पक्के होतात. पण त्याच्यात दडलेला दोष असेल, तर तोही इथेच उघडा पडतो. पैदासकार ज्याला 'लाइन ब्रीडिंग' म्हणतात ते याच गणिताचं सौम्य रूप आहे, आणि ते किती सौम्य हे आकडा मांडल्याशिवाय कळत नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबने 2009 पासून बापलेकी, मायलेक आणि सख्ख्या भावंडांच्या संयोगातली पिल्लं नोंदवणं बंद केलं. आदल्या वर्षी बीबीसीच्या माहितीपटाने शुद्ध जातींमधले आनुवंशिक आजार घराघरांत दाखवले होते.

कागदावर न लिहिलेल्या गोष्टी विचाराव्या लागतात. आजोबा किती वर्षं जगला? आजीला किती वेतं झाली, एका वेताला किती पिल्लं, त्यांतली जगली किती? कशाने गेली? कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिअल या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार बहुधा मधल्या वयात दिसू लागतो. म्हणून त्या जातीचे जाणते पैदासकार अडीच वर्षांआधी कुत्र्याची पैदास करत नाहीत, आणि त्याच्या आईबापांचं हृदय पाच वर्षांनंतरही ठणठणीत आहे ना, हे पाहतात. दोन वर्षांच्या देखण्या नराकडे नुसतं पाहून हे कसं कळणार? वंशावळीची खरी किंमत इथे आहे. जो दोष अजून दिसत नाही, किंवा ज्या गुणावर खाण्यापिण्याचा आणि निगेचा फार प्रभाव पडतो, तिथे एकट्या जनावराचं रूप फसवतं. एका वेताला किती पिल्लं होतात हा असाच गुण. तिथे आई, मावश्या आणि बहिणींची नोंद जास्त बोलते. उंची, केसांची ठेवण, बांधा यांत मात्र कुत्रा स्वतःच पुरेसा साक्षीदार असतो.

आता अंगणातला कुत्रा. एका वेताच्या दोन पिल्लांची वंशावळ अक्षरशः एकच असते, तरी एक धीट निघतं आणि दुसरं कुकरच्या शिट्टीला दचकतं. प्रत्येक पिल्लाला आईकडून अर्धी आणि बापाकडून अर्धी जनुकं मिळतात, पण ती अर्धी कुठली, हे दर खेपेला नव्याने ठरतं. आजोबांचा 25 टक्के वाटा ही फक्त सरासरी आहे. म्हणून कागद बाजूला ठेवून हात लावून पाहावं लागतं. बरगड्यांवरून बोटं फिरवायची. पंजे घट्ट मिटलेले आहेत की पसरलेले, हे बघायचं. ओठ वर करून दात जुळतात का ते तपासायचं. नर असेल तर दोन्ही अंडं खाली उतरलेली आहेत ना, याची खात्री करायची, कारण हा दोष पुढच्या पिढीत जातो. मग कुणाला तरी त्याला दुडक्या चालीने पळवायला सांगून मागून पाहायचं: मागचे पाय सरळ रेषेत पडतात की आत वळतात? शेवटी, मालक दूर असताना अनोळखी माणूस जवळ आला तर तो काय करतो? चावरेपणा आणि भित्रेपणा यांना मी कुठल्याही चॅम्पियनपदाच्या बदल्यात माफ करणार नाही. असा कुत्रा घरात मायेने पाळावा. त्याची पैदास करू नये.

कागदाची शुद्धता किती महाग पडते याचं उदाहरण डाल्मेशियनमध्ये सापडतं. या जातीच्या सगळ्याच शुद्ध कुत्र्यांत एक सदोष जनुक पक्कं झालं होतं. लघवीत युरिक अॅसिड साचून खडे होत. अख्ख्या जातीत निरोगी प्रत उरलीच नव्हती, त्यामुळे कितीही निवडून जोड्या लावल्या तरी उपयोग नव्हता. जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी 1973 मध्ये एकदाच पॉइंटर जातीशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडत नेल्या. खड्यांचा दोष नसलेले ठिपकेवाले कुत्रे जन्माला आले. अमेरिकन केनेल क्लबने त्यांना नोंदीत घ्यायला मात्र 2011 उजाडलं.

आपल्या घरचं उदाहरण कारवान कुत्र्याचं. लातूर, सोलापूर, सांगलीपासून विजापूरपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात हा लांबोडक्या तोंडाचा, हडकुळा वाटणारा, वाऱ्यासारखा धावणारा शिकारी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेला. अंगावर झुलपं असलेल्याला पश्मी म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर समाजातल्या शिकाऱ्यांकडची ही कुत्री हेरून जोपासली आणि त्यांची जोडी पंचम जॉर्जना भेट दिली, म्हणून मुधोळ हाउंड हे नाव जगात गेलं. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कारवान हाउंड म्हणून नोंदवतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ म्हणून. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीतही तो मुधोळ हाउंड आहे. 2005 मध्ये टपाल तिकिटावरही तो याच नावाने आला. कर्नाटकाने मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी संशोधन केंद्र उभारलं. महाराष्ट्रात ही कुत्री कमी नव्हती, पण त्यांची वंशावळ मालकांच्या तोंडी राहिली आणि म्हातारी माणसं गेली तशी तीही गेली. हे नुकसान भरून येणारं नाही.

या जातीचा वंश सांगतो की हा डोळ्यांनी शिकार करणारा कुत्रा, हुंगून माग काढणारा नव्हे. तरी सीमा सुरक्षा दलाच्या रिया नावाच्या मुधोळ कुत्रीने 2024 च्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये माग काढण्याच्या प्रकारातच पहिला क्रमांक मिळवला. तिचा कागद वाचून तिला कुणी त्या कामाला निवडलं नसतं. पण म्हणून तिची सगळी पिल्लं मागकाढी निघतील, असंही नाही. ते पिल्लांना मोठं करून, काम देऊनच पाहावं लागेल. नराची किंवा मादीची शेवटची परीक्षा संततीत होते आणि तिचा निकाल सर्वांत उशिरा मिळतो.

गावकुत्र्यांविषयी एक समज पक्का आहे: निसर्ग निवड करतो, म्हणून ती काटक. यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी 364 भटक्या पिल्लांचा पाठपुरावा केला, तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत 19 टक्केच जगली आणि 63 टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात होता. ट्रकखाली सापडणं ही काटकपणाची निवड नव्हे. तरीही कचारगडाभोवतीच्या कुत्र्यांवर शहरातून आणलेले जर्मन शेफर्ड किंवा लॅब्राडोर नर सोडून 'जात सुधारू' नये, असं माझं ठाम मत आहे. त्या उन्हात, त्या खाण्यावर, त्या जंगलात तगणारा बांधा एका क्रॉसने विस्कटतो. तिथे हवी आहे ती लस. 2013 मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प याच जिल्ह्यात आहे, तो रानकुत्र्यांसाठी ओळखला जातो, आणि गावकुत्र्यांचा डिस्टेंपर रानातल्या प्राण्यांत शिरू शकतो. गीरच्या सिंहांना या रोगाने 2018 मध्ये मोठा फटका दिला.

पैदाशीबाबतच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनी 18 महिन्यांखालच्या मादीची पैदास आणि आठ आठवड्यांखालच्या पिल्लाची विक्री बंद केली. हे झालं कमीत कमी. कारवान पाळणाऱ्या प्रत्येकाने स्वतःहून एक जाड वही ठेवावी, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. त्यात माज आल्याची तारीख, नराचं आणि त्याच्या मालकाचं नाव, पिल्लांची संख्या, प्रत्येकाचं वजन आणि रंग, वर्षभराने कोण कुठे आहे आणि काय काम करतं, कोण कशाने आजारी पडलं, हे सगळं लिहावं. मेलेल्या पिल्लांनाही ओळ द्यावी, कारण तोच नर पुन्हा वापरायचा की नाही हे ठरवताना विकल्या गेलेल्या पिल्लांइतकीच तीही मोलाची ठरतात. वहीची एक प्रत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ठेवली, तर मालक बदलला तरी नोंद गावातच राहील.