विश्लेषण : ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ बीडकरांना जवळचा का वाटतो?

माझ्या आवडत्या इंग्रजी चित्रपटांत पहिला क्रमांक जॉन फोर्ड यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’चा (१९४०). ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला तो परका वाटत नाही.

कथा काय?

दुष्काळ आणि कर्जामुळे जमिनीवरून हुसकावलेले ओक्लाहोमातील जोड कुटुंब जुनाट ट्रकमध्ये संसार भरून कॅलिफोर्नियाला निघते. हातात ‘मजूर हवेत’ अशी जाहिरात. पण तीच हजारोंच्या हाती पडलेली. पीच तोडणीला पेटीमागे ५ सेंट मिळतात, तेही संप सुरू आहे तोवरच.

फरक कुठे?

दसऱ्यानंतर बीडमधूनही हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मात्र जोड कुटुंब काम शोधत फिरते; इथे नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुकादमाकडून आधीच उचल घेतो. त्यामुळे कामाची खात्री असते, पण उचल फिटेपर्यंत सुटका नसते.

का पाहावा?

आईच्या भूमिकेसाठी जेन डारवेल यांना ऑस्कर मिळाले. घर सोडण्याआधी ती जुनी पत्रे जाळते, कानातले कानाशी धरून आरशात पाहते. एक शब्दही बोलत नाही. हे दृश्य समजायला इंग्रजी लागत नाही.