सागवानाची दोन राज्ये

गतवर्षीच्या सहलीत आम्ही रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा हा अखेरचा राजा १९१६ साली रत्नागिरीतच निवर्तला. मंडालेच्या राजाला कोकणात येऊन का राहावे लागले, असे विद्यार्थ्यांनी विचारले. त्या प्रश्नाच्या उत्तरात सागवानाचा वाटा मोठा आहे.

ब्रह्मदेश (म्यानमार) आणि शेजारचा सयाम (थायलंड) या दोन्ही देशांत साग निसर्गतःच वाढतो. ओले सागवान पाण्यात बुडते. म्हणून खोडाभोवती साल खोल कापून झाड उभेच वाळवीत, दोन-तीन वर्षांनी ते तोडीत, हत्तींकडून ओंडके ओढवीत आणि पुराच्या पाण्यात सोडून देत. ब्रह्मदेशातले ओंडके रंगूनला व मौलमीनला पोहोचत, सयामातले बँकॉकला.

रीत एक, परंतु इतिहास निराळा. १८५६ साली ब्रँडिस हा वनाधिकारी पेगूला आला. त्याने झाडांची मोजणी करून, रान जेवढे भरून काढील तेवढेच तोडावे, असा नियम घातला. पुढे १८८५ साली लाकडावरील आकार बुडविल्याचा आरोप ठेवून थिबाच्या दरबाराने ‘बॉम्बे बर्मा’ कंपनीस दंड केला. इंग्रजांना युद्धास निमित्त हवेच होते. महिन्याच्या आत राज्य बुडाले आणि राजा बंदिवान झाला. सयाम मात्र स्वतंत्र राहिला. त्याच्या उत्तरेकडील रानांत इंग्रजी कंपन्या ठेक्याने तोड करीत. १८९६ साली सयामने आपले वनखाते उभारले, तेही ब्रह्मदेशातून आलेल्या स्लेड नावाच्या अधिकाऱ्याच्या हातून.

विसाव्या शतकात सयामची कुऱ्हाड अधिक वेगाने चालली. १९६१ साली निम्म्याहून अधिक भूमीवर वन होते. १९८८ पर्यंत ते जेमतेम चौथाईहून थोडे अधिक उरले. त्या वर्षी नोव्हेंबरात दक्षिणेकडे अतिवृष्टी झाली. उघडे पडलेले डोंगर खचले, तोडलेले ओंडके चिखलाबरोबर गावांवर आदळले आणि शेकडो माणसे दगावली. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक वनांतील तोड देशभर बंद केली.

निर्णय योग्यच होता. परंतु तोड थांबली तरी लाकडाची मागणी थांबली नाही. त्याच सुमारास ब्रह्मदेशच्या लष्करी राजवटीला परकीय चलनाची निकड होती. तिने सरहद्दीवरील रानांचे ठेके थाई कंपन्यांना दिले आणि सयामात म्यान झालेली कुऱ्हाड सरहद्दीपलीकडे उपसली गेली. १९९३ च्या अखेरीस ते ठेके संपले, तरी नुकसान होऊन चुकले होते. अखेर १ एप्रिल २०१४ पासून ब्रह्मदेशानेही अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली.

मित्रहो, या दोन देशांच्या कथेवरून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. आपले रान राखून शेजाऱ्याच्या रानातले लाकूड घरी आणले, तर वनांचे रक्षण झाले असे म्हणता येत नाही. नुकसानीची जागा तेवढी बदलते. घरासाठी सागवानी दार घेताना वडीलधारी मंडळी लाकडाचा भाव विचारतात, गाठी पाहतात. हे लाकूड कोणत्या रानातून आले, तेथे नवे रोप लागले काय, हेही आपण विचारू या. साग पिकण्यास साठ-सत्तर वर्षे लागतात. तोडणारा माणूस तेवढा वेळ थांबत नाही.