दमेकरी मूल आणि त्याचे शहाणपण



सात रस्त्याच्या चौकात एक वाट अडली की बाकीच्या वाटांवरही कशी दाटी होते, हे सोलापूरकरांस सांगावयास नको. छातीतही असेच घडते. मुख्य श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात आणि त्यांना पुढे बारीक बारीक शाखा फुटत जातात. दम्यात या शाखांचे अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साचतो. हवा आत शिरते, पण बाहेर पडताना अडते. म्हणून श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. एवढे दहा वर्षांच्या मुलास सहज समजते. ते त्याला सांगितलेच पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

कारण दम्याचा झटका आई जवळ आहे की नाही हे पाहून येत नाही. तो शाळेच्या मैदानावर येतो, गड्ड्याच्या यात्रेतील दारूकामाच्या धुरात येतो. त्या वेळची पहिली पाच मिनिटे मुलाच्याच हाती असतात.

आणि मुलाला काय कळते, असे कोणी म्हणू नये. १९५५ साली अमेरिकेतील रायकर या औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, केसांवर मारावयाच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीत का भरता येत नाही? १९५६ साली मोजका झोत देणारा पहिला पंप बाजारात आला. आज जगभर वापरले जाणारे साधन एका मुलीच्या प्रश्नातून निघाले!

मग शिकवावयाचे काय? पहिले, औषधे दोन प्रकारची असतात. एक सूज आटोक्यात ठेवणारे. ते बरे वाटत असतानाही डॉक्टर सांगतील तसे नेमाने घ्यावयाचे व नंतर चूळ भरावयाची. दुसरे अडचणीच्या वेळी नळ्या मोकळ्या करणारे. ते दप्तरात हवे, घरच्या कपाटात नव्हे. दुसरे, लहानांनी पंपास स्पेसर जोडावा, म्हणजे औषध घशात न अडकता छातीत उतरते. तिसरे, आपला दमा कशाने उठतो हे मुलाने स्वतः हेरावे. एकाला मागावरची सुताची धूळ बाधते, दुसऱ्यास उदबत्ती वा विडीचा धूर.

पंपाची सवय लागते, ही समजूत खोटी आहे. साल्ब्युटामॉलच्या एका झोतात १०० मायक्रोग्रॅम औषध असते; ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट! मृग लागला की माशाच्या औषधासाठी दूरदूरची माणसे हैदराबादेस जातात. श्रद्धेशी आमचे भांडण नाही. परत आल्यावर पंप बंद करू नये, एवढेच मागणे.

धोक्याच्या खुणा मात्र घरात आणि वर्गात सर्वांना पाठ हव्यात. एक वाक्य सलग बोलता येत नाही, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, पंपाने आराम पडत नाही. यांतले काहीही दिसले तर पंप चालू ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

ऑस्ट्रेलियातील टॅमवर्थ भागात शाळेतील मोठ्या विद्यार्थ्यांनीच धाकट्यांना दम्याचे पाठ दिले; दमेकरी मुलांचे जगणे त्यामुळे सुधारले, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आपल्या शाळांस हे अवघड नाही.

सायकल शिकवताना आपण आधी सीट धरतो, मग हळूच सोडतो. पण मागे धावत असतोच. दमेकरी मुलाच्या बाबतीतही पालकांनी तेवढेच करावे.