निर्हेतुक हत्या

निर्हेतुक हत्या : (साहित्यातील). लाभ, सूड, मत्सर यांसारख्या नेहमीच्या प्रेरणेवाचून केलेली हत्या. विसाव्या शतकातील यूरोपीय कादंबरीत या कल्पनेचे खेळाच्या कल्पनेशी निकटचे नाते दिसते.

हत्येचा उलगडा सामान्यतः हेतूवरून होतो. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी शारदा नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनचा अनंत कान्हेरे यांनी वध केला. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा सूड हा त्यामागील हेतू उघड होता. हेतू कळला, की कृत्याला अर्थ लाभतो. निर्हेतुक हत्येत नेमका हाच दुवा निखळतो.

आंद्रे झीदच्या ले काव्ह द्यु व्हातिकां (१९१४) या कादंबरीचा नायक लाफ्‌कादियो आगगाडीतील एका अनोळखी सहप्रवाशाला बाहेर ढकलून देतो. सावकाश बारा अंक मोजेपर्यंत बाहेर दिवा न दिसल्यास तो वाचला, असा नियम तो मनाशी करतो. दहाव्या अंकाला दिवा दिसतो. आपले स्वातंत्र्य त्याला अशा कारणरहित कृतीतून सिद्ध करावयाचे असते. पण मृत प्रवासी त्याच्याच सावत्र भावाचा साडू निघतो.

फ्रीड्रिख ड्यूरेनमाटच्या डेर रिख्टर उंड झाइन हेंकर (१९५२) या कादंबरीत खेळाला पैजेचे रूप येते. आपला गुन्हा तू सिद्ध करू शकणार नाहीस, अशी पैज पोलीस अधिकारी बेरलाखशी लावून गास्टमान त्याच्यादेखत एका व्यापाऱ्याला पुलावरून ढकलतो. बेरलाखचे पुढील सारे आयुष्य या पैजेत गुंतून पडते. अखेर, न केलेल्या गुन्ह्यासाठी गास्टमानचा बळी जाईल अशी योजना बेरलाखच करतो. म्हणजे न्यायही खेळातील एक डाव होतो.

डच इतिहासकार योहान हॉइझिंगा यांनी होमो लूडेन्स (१९३८) या ग्रंथात खेळाची लक्षणे सांगितली आहेत : तो स्वेच्छेने खेळला जातो, स्थलकालाने मर्यादित असतो आणि त्याचे स्वतःचे नियम असतात. वरील कथांत नियम आहेत. परंतु ज्याचा जीव जातो, त्याची संमती नाही. मारणाऱ्याचे स्वातंत्र्य दुसऱ्याला सोंगटी बनवूनच सिद्ध होते, ही या कल्पनेतील मूलभूत विसंगती होय.

मराठीत विजय तेंडुलकरांच्या शांतता! कोर्ट चालू आहे (१९६७) या नाटकात हत्या घडत नाही. तथापि गंमत म्हणून मांडलेला अभिरूप खटला बेणारेबाईंच्या खाजगी जीवनावर उलटतो. खेळातून बाहेर पडण्याची मुभा संपली, की खेळ उरत नाही, हे त्यातूनही प्रत्ययास येते.