विश्लेषण : रोबोटचा ‘पंजा’ काही सेकंदांत कसा बदलतो? आणि वीज गेली तरी तो निसटत का नाही?

सोयाबीनच्या पेरणीआधी धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर सोडतो आणि त्याच ट्रॅक्टरला पेरणी यंत्र जोडतो. खालचे दोन आर्म, वरची टॉप लिंक आणि पिना. हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ मध्ये पेटंट घेतलेल्या या तीन बिंदूंच्या जोडणीमुळे एकच ट्रॅक्टर अनेक कामांना उपयोगी पडू लागला. कारखान्यातल्या रोबोटलाही अशीच जोडणी लागते. फरक इतकाच, की तिथे पिन लावायला माणूस नसतो.

रोबोटला अवजार का बदलावे लागते?

रोबोट म्हणजे मुळात फक्त हात आणि मनगट. त्यापुढे पकडणारा ग्रिपर, वेल्डिंग गन किंवा स्क्रू आवळणारे यंत्र लावावे लागते. त्याला ‘टूल’ म्हणतात. हजारो एकसारखे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याला एका कामासाठी एक रोबोट ठेवणे परवडते. लहान उद्योगाचे तसे नसते. त्याच्याकडे सकाळी एक ऑर्डर असते आणि दुपारी दुसरी.

समजा, बोल्ट काढून टूल बदलायला २० मिनिटे लागतात आणि दिवसात चार वेळा ते बदलावे लागते. म्हणजे ८० मिनिटे रोबोट नुसता उभा राहणार. ‘क्विक चेंज कपलिंग’ किंवा ‘टूल चेंजर’ हाच वेळ काही सेकंदांवर आणतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. चाकणमध्ये बजाज ऑटोने २०१० पासूनच माणसांशेजारी काम करणारे कोबॉट वापरायला सुरुवात केली. टाटा मोटर्सची तेव्हाची उपकंपनी असलेल्या पुण्याच्या ‘टाल’ने २०१६ मध्ये ‘ब्राबो’ हा रोबोट सादर केला. दोन आणि १० किलो भार पेलणारा हा रोबोट मुख्यतः लघु व मध्यम उद्योगांसाठी होता.

या कपलिंगच्या आत काय असते?

दोन चकत्या. एक कायमची रोबोटच्या मनगटावर, दुसरी प्रत्येक टूलवर. टूल स्टँडवर ठेवलेले असते. रोबोट त्यावर येतो, निमुळत्या पिना दोन्ही चकत्यांना नेमक्या जागी आणतात आणि हवेच्या दाबाने आतला पिस्टन सरकतो. पिस्टनला जोडलेला कॅम पोलादी गोळ्या बाहेर ढकलतो. या गोळ्या टूलच्या बाजूच्या कडक पोलादी कड्यात अडकतात आणि टूल घट्ट ओढून धरतात.

गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरच्या पाइपचे कपलिंग आठवा. कॉलर मागे ओढली की ते सुटते. त्यातही गोळ्याच पकड धरतात. रोबोटच्या कपलिंगमध्ये मात्र अचूकता फार जास्त लागते. टूल शंभर वेळा काढून लावले तरी चांगल्या कपलिंगमध्ये ते दर वेळी साधारण एक शतांश मिलिमीटरच्या फरकात त्याच जागी बसते. याच चकत्यांमधून हवा, वीज, सेन्सरचे सिग्नल आणि गरज पडल्यास थंड करणारे पाणीही जोडले जाते.

वीज किंवा हवा गेली तर?

डिझाइनची खरी कसोटी इथे लागते. कपलिंग पकडते किती पटकन, यापेक्षा संकटात ते सोडत नाही ना, हे महत्त्वाचे. हवेत उचललेले २० किलोचे टूल माणसाच्या अंगावर पडले तर जीव जाऊ शकतो.

त्यासाठी तीन पातळ्यांवर काळजी घेतली जाते. एक, कॅमचा आकार असा ठेवतात की गोळ्यांवर कितीही भार आला तरी त्या पिस्टनला मागे ढकलू शकत नाहीत. जोडीला अनेकदा स्प्रिंग असते. म्हणजे हवा गेली तरी कुलूप बंदच राहते. दोन, दोन कॉइलचा व्हॉल्व्ह वापरतात. वीज गेल्यावर तो आहे त्याच स्थितीत राहतो. तीन, टूल स्टँडवर टेकले आहे असे सेन्सरने सांगितल्याशिवाय कुलूप उघडण्याचा आदेशच पुढे जात नाही.

वजनाचे गणित कुठे चुकते?

नवखे डिझायनर फक्त किलो मोजतात. १० किलो क्षमतेच्या रोबोटवर एक किलोचे कपलिंग आणि तीन किलोचा ग्रिपर लावला, तर उचलायला सहाच किलो उरतात. कपलिंगच्या जाडीमुळे भारही मनगटापासून आणखी दूर जातो. म्हणून कपलिंगचा मुख्य भाग बहुधा हलक्या ॲल्युमिनियमचा आणि झिजणारे भाग कडक पोलादाचे असतात.

दुसरी चूक तरफेची. भरलेली घागर छातीशी धरणे आणि हात लांब करून धरणे यात जो फरक आहे, तोच इथे. १० किलोच्या टूलचा गुरुत्वमध्य कपलिंगपासून ३० सेंटिमीटर दूर असेल, तर स्थिर असतानाच सुमारे २९ न्यूटन-मीटरचा मोमेंट येतो. खाली येणारा हात झटक्यात थांबला आणि गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट प्रवेगाची भर पडली, तर तोच मोमेंट ८८ वर जातो. त्यामुळे कपलिंग निवडताना किलोपेक्षा मोमेंट आधी पाहावा लागतो.

कोणतेही टूल कोणत्याही रोबोटला बसते का?

अर्धे उत्तर ‘हो’ असे आहे. रोबोटच्या मनगटावरची बोल्टची जागा ‘आयएसओ ९४०९-१’ या मानकाने ठरते. ‘५०-४-एम६’ असे लिहिले असेल, तर ५० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर एम६ बोल्टची चार छिद्रे. पुढचे कुलूप मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. एकदा एका कंपनीच्या चकत्या घेतल्या की पुढची प्रत्येक टूल-चकतीही बहुधा तिच्याकडूनच घ्यावी लागते. लहान उद्योजकाने खरेदीपूर्वी हा खर्च धरायलाच हवा.

धाराशिवच्या तरुणांना याचा काय उपयोग?

नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत हा जिल्हा आहे. आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा तेरणा अभियांत्रिकीतून बाहेर पडलेल्या अनेकांना नोकरीसाठी पुणे, चाकण गाठावे लागते. तिथे रोबोटचे प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांइतकीच गरज असते ती हा सांधा समजणाऱ्यांची. पिना झिजल्यात का, ओ-रिंग गळते का, संपर्कबिंदूंवर धूळ बसली का, ‘लॉक’चा सेन्सर खरे सांगतो का, हे त्यांना पाहावे लागते.

हे शिकायला रोबोटच हवा असे नाही. हाताने बसवायच्या कपलिंगच्या दोन चकत्या महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि मिलिंगवर बनवता येतात. टूल शंभर वेळा काढून लावायचे आणि दर वेळी ते कुठे बसले हे डायल गेजने मोजायचे. आकड्यांतला फरक किती, त्यावरून डिझाइन कुठे चुकले ते लगेच दिसते.